काकाच्या ओटीपर्यंत

माझी खोली भर दुपारीही अंधारी असते. खिडकीला जाड पडदा, एसीची एकसुरी घरघर आणि मशीनच्या पडद्याचा राखाडी उजेड. पेशंट दारातच अडखळतो आणि विचारतो, "लाइट गेली काय?" गेली नाही, मीच घालवलीय, असं सांगितलं की काही जण हसतात, काहींना वाटतं बाई विजेचं बिल वाचवतेय. अलिबागसारख्या गावात सोनोग्राफीच्या डॉक्टरणीबद्दल लोकांनी काय बोलावं याला धरबंद नाही. मी ते मनावर घेत नाही.

दिवसभर माझ्यासमोर पोटं येतात. मुतखडे, पित्ताशयातले खडे, सुजलेली आतडी, मधूनच एखादं अंगठा चोखणारं बाळ. हे सगळं मी नीट करते. पण माझा जीव कशात रमत असेल तर रक्ताच्या वाटा शोधण्यात. त्याला डॉपलर म्हणतात. पेशंटच्या मांडीला थंडगार जेली लागते, तो दचकतो, मी मशीनचा हातातला प्रोब टेकवते, आणि पडद्यावरच्या धुक्यात अचानक रंग उमटतात. लाल आणि निळा. लाल म्हणजे चांगलं रक्त आणि निळं म्हणजे वाईट, असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नसतं. प्रोबकडे येणाऱ्या रक्ताला मशीन एक रंग देतं, लांब जाणाऱ्याला दुसरा. येणं आणि जाणं, एवढंच ते दाखवतं.

आणि मग आवाज. बटण फिरवलं की शरीरातलं वाहणं ऐकू येतं. आडव्या पडलेल्या माणसाच्या निरोगी पायाच्या धमनीत रक्त नुसतं पुढे जात नाही. ठोक्यासरशी ते जोरात पुढे येतं, किंचित मागे वळतं, पुन्हा हळूच पुढे सरकतं. जेवण झाल्यावरच्या सुस्त वेळेला, बाहेर नंबर लावून बसलेली माणसं पेंगत असताना, मी एखाद्याच्या पायावर प्रोब धरून ते ऐकत बसते आणि मला कळेनासं होतं की मी कुठे आहे. आमच्या गावच्या खाडीत भरतीचं पाणी बांधाला येऊन लागतं, जरा मागे हटतं, परत येतं. लहानपणी मी बांधावर पालथी पडून हेच ऐकायची. कधी कधी पेशंटच मला जागं करतो, "मॅडम, काय वाईट हाय काय?" मी म्हणते, नाही हो, चांगलं आहे म्हणूनच ऐकतेय.

आमचं गाव खारेपाटात. समुद्राचं पाणी बांधानं अडवून पिकवलेली भातशेती, मध्ये एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. रस्त्याच्या एका टोकाला आमचं घर आणि दुसऱ्या टोकाला बांध. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. रोज उतरत्या उन्हात बांधापर्यंत चालत जायचं, पाणी बघायचं आणि परत यायचं, हा त्यांचा नेम. पाण्यात रोज नवीन काय बघतात असं मी एकदा विचारलं होतं. "तू मशिनीत काय बगतेस?" असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

बाबा मुलखाचे अबोल. आई म्हणायची, यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खडकावरचं कालव सोडवण्यासारखं. असा हा माणूस गेल्या दोन-तीन वर्षांत एकदम बोलका झाला. बांधाकडे जाताना वाटेत थांबायला लागला. आधी अगदी टोकाच्या दुकानाच्या बाकड्यावर, मग देवळाच्या पारावर, मग आणखी अलीकडे कोणाकोणाच्या ओटीवर. हवापाण्याच्या चार गोष्टी करायच्या, दिला तर चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. म्हातारा माणसात आला, असं गाव म्हणायला लागलं. मला तर हायसं वाटलं. एकटेपणानं माणूस कडू होतो अशी भीती होती, आणि हे तर गोड व्हायला लागले होते.

या थांबण्यातलं सगळ्यात मोठं थांबणं होतं काकाच्या दारातलं.

बाबा आणि काका, सख्खे भाऊ, कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं बांध. आमच्याकडे बांधाचा ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला असतो. पावसाळ्याआधी आपल्या तुकड्यावर चिखल चढवायचा आणि उधाणात त्याच्यावर लक्ष ठेवायचं, अशी रीत. एका उधाणात बाबांच्या तुकड्याला खांड पडली. भगदाडातून घुसलेलं खारं पाणी नेमकं काकाच्या शेतात साचलं. त्या जमिनीत पुढे बरीच वर्षं भात झालं नाही, नुसती खाजणाची झुडपं माजली. दादा झोपला होता म्हणून माझं शेत गेलं, असं काका चारचौघांत म्हणाला. झोपलो नव्हतो, पाणीच तसं होतं, एवढं बाबा एकदा बोलले आणि मग त्या विषयावर कधीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी गत. दोन्ही घरच्या बायका आपसात मासे-भाजी देत-घेत राहिल्या, पण पुरुष रस्त्यात समोरासमोर आले की एक आभाळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे.

आणि एके दिवशी काकूचा मला फोन. रडत होती, पण आनंदानं.

"तुजा बाबा आला गो आमच्या दारात. सोताहून आला. कुंपनाच्या वईला हात लावून उभा रायला. तुज्या काकानं आतून खुर्ची आनली, अंगनात ठेवली, न आत निंगून गेला. बाबा बसला त्या खुर्चीवर!"

दुसऱ्या दिवशीही बाबा बसले. काही दिवसांनी काका आत पळून न जाता ओटीवरच थांबायला लागला. मग चहा आला. मग बोलणं आलं, पण कसलं, तर दोन परके प्रवासी धक्क्यावर लाँचची वाट बघत बोलतात तसलं. पाणी बरंच चढलंय. व्हय, चढलंय. कोणी कोणाला तू म्हणत नव्हतं, नावानं किंवा नात्यानं हाक मारत नव्हतं. पण गावाला एवढं पुरलं. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही, असं जो तो म्हणायला लागला. आणि काका सगळीकडे सांगत सुटला, दादा मोठा आहे, मोठ्यानं मन मोठं केलं, तो वाकला. हे सांगताना काकाचा आवाज जड व्हायचा, असं काकू म्हणायची.

मी त्या दिवसांत अगदी तरंगत होते. रविवारी गावी गेले की दोघांना लांबून बघायची. उतरतं ऊन, खाऱ्या वाऱ्यानं हलणारी माडाची झापं, अंगणात एक म्हातारा, ओटीवर दुसरा, दोघंही गप्प. त्या चित्रात काही दुखत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग बाबांच्या पायाच्या अंगठ्याला कालवाच्या शिंपल्याची कपरी लागली. खाडीच्या कडेला अनवाणी उतरले असतील. असल्या जखमा आमच्याकडे हळद लावून विसरायच्या असतात, पण ही भरेना. एका रविवारी ते पायरीवर पाय धूत होते आणि माझी नजर गेली. अंगठा पांढुरका. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत. मी पावलाला हात लावला तर थंड. पावलावर नाडी शोधली, घोट्यामागे शोधली, बोटांना काहीच लागेना. दुसऱ्या पायाची नाडी लगेच लागली.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना गाडीत घालून मी अलिबागला आणलं.

"लाइट गेली काय?" बाबाही दारात म्हणाले.

त्यांना झोपवलं. जेली लावली तेव्हा तेही इतरांसारखेच दचकले. मी जांघेपासून सुरुवात केली. तिथे आवाज भक्कम होता. मांडीवरून हळूहळू खाली येत गेले. लाल पट्टा सरळ चालला होता. मांडीच्या मध्यावर आला आणि फुटला. पिवळा, हिरवा, निळा, सगळ्या रंगांच्या ठिणग्या. धमनी तिथे इतकी अरुंद झाली होती की रक्त त्या फटीतून जिवाच्या आकांतानं धावत होतं. आवाजाची शीळ झाली होती. त्याच्या खाली, गुडघ्यामागे, ते धावणं संपलेलं. पुढे-मागे-पुढे असा जिवंत ताल नाही, नुसती एक मऊ ढकल आणि परत शांतता. घोट्यापाशी तर आवाज पूर्ण वाढवल्यावर कुजबुज ऐकू आली. बाबांच्या बिड्यांनी आणि रक्तातल्या साखरेनं बरीच वर्षं गुपचूप हे काम केलं होतं.

"ह्यो माजा आवाज?" बाबांनी विचारलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"हो."

"सरत्या ओहोटीसारखा हाय."

मी डॉक्टरनं विचारायचे प्रश्न विचारायला लागले, कारण मुलगी म्हणून बोलायला गेले असते तर रडले असते.

"किती चाललं की पोटरी दुखते, बाबा?"

"तुज्या काकाच्या ओटीपरयंत."

"रोज तिथेच?"

"तितंच. पोटरीत गोला येतो, उभा रायलो की जातो. पयला दुकानापरयंत जायचो, मंग दुखायचा. मंग देवलाच्या पाराला दुखायला लागला. मंग मागं मागं येत त्याच्या दारात आला."

मी प्रोब तसाच धरून बसले. हे दुखणं मी रोज ऐकते. चालणाऱ्या पोटरीला जास्त रक्त लागतं, अरुंद वाटेनं ते पोचत नाही, पोटरी आक्रसते, माणूस थांबतो. थांबलं की भागतं. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखतं. आजार वाढत गेला की हे अंतर कमी कमी होतं. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. ते कमी होत होत कोणाच्या दारात येऊन ठेपतं, हे पुस्तकात नसतं.

"म्हणजे तुम्ही काकाकडे..."

"मी न्हाय गेलो त्याच्याकडं," बाबा म्हणाले. "पाय थांबला."

एसीची घरघर तेवढी चालू होती. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं, त्याला कोणीतरी दटावलं. मग बाबा अंधारात बोलायला लागले, आणि मी जन्मात ऐकलं नव्हतं इतकं बोलले. पहिल्या दिवशी आणखी चार पावलं टाकता आली असती तर ते तिथे थांबलेच नसते. वई धरून उभे होते तेव्हा मनात शिव्या देत होते, पायाला. काकानं खुर्ची आणली तेव्हा बसले, कारण उभं राहवत नव्हतं. नंतर गावभर झालं की मोठा भाऊ वाकला. आता नाही म्हणून कोणाला सांगणार?

"त्यो रोज वाट बगतो," बाबा म्हणाले. "मी बी बगतो. सकालपासून बगतो, कवा ऊन उतरल."

मी त्यांना पुढचं समजावलं. कागदावर पायाचं चित्र काढलं, कुठून कुठे वाट चालू आहे, कुठे अडली आहे, ते पेनानं दाखवलं. मुंबईत जायचं, जांघेतून बारीक तार आत घालतात, अडलेल्या जागी फुगा फुगवतात, वाट मोकळी होते. पुन्हा बुजू नये म्हणून वाटलं तर जाळीची नळी बसवतात. रक्त खाली पोचलं की अंगठ्याची जखम भरेल.

"मंग किती चालता येल?"

"बांधापर्यंत. एका दमात."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. बाबा कागदाकडे बघत राहिले. नखानं त्यांनी ती अडलेली जागा खरवडली.

"अर्धीच उगडता येल काय?"

आमच्या बांधाला लाकडी दारं असतात, त्यांना उघडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतात साचलेलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ नये म्हणून बंद करायची. सगळं पाणी जायला नको असेल तेव्हा बाबा फळी अर्धीच उचलतात. जन्मभर त्यांनी हे केलं आहे. अंगठ्यापुरतं रक्त खाली जाऊ दे, पण काकाच्या दारात पाय दुखायचा राहू दे, असा त्यांचा हिशेब होता. मी आधी हसले. मग मला हसवेना.

"असं नाही करता येत, बाबा."

"मंग नको," असं म्हणून त्यांनी जेली पुसली, लेंगा सारखा केला आणि उठले.

मला भयंकर राग आला. गाडीत बसल्यापासून गाव येईपर्यंत मी बोलत होते आणि ते खिडकीतून मिठागरांकडे बघत होते. पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. औषधं घेत होते, बिडी मात्र खिशात होती. अंगठ्याची कड काळपट व्हायला लागली होती. मी रागावले, लाडीगोडी लावली, आईची शपथ घातली. दगडावर पाणी. काकाला जाऊन सगळं सांगते, असं धमकावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो शब्द काढला नाही. त्यांच्या त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. काका समजला होता की भाऊ आपल्यासाठी आला. तो आपल्यासाठी आला नव्हता, पोटरीत गोळा आला म्हणून आला होता, हे काकाला कळलं तर तो आतून तुटेल, आणि मग त्या दारात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, या भीतीपोटी माझा बाप पाय घालवायला तयार होता.

शेवटी एकदा वाद घालून दमले आणि पायरीवर त्यांच्या शेजारी नुसतीच बसले. खाडीकडून चिखलाचा ओला वास येत होता. बगळे घरी चालले होते. मी काही ठरवून बोलले नाही.

"आज काकाच्या ओटीपर्यंत जाता तरी येतंय. अंगठा सडला तर पाय जाईल. मग तिथपर्यंत तरी कसे जाल?"

त्यांनी अंगठ्याच्या काळपट कडेवरून बोट फिरवलं. बगळे दिसेनासे झाले.

"मंग उगड," बाबा म्हणाले. "पन त्याला काय सांगू नको."

आम्ही रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो. काकाला त्यांनी सांगितलं, लेकीबरोबर जातोय. खोटं नव्हतं ते. ऑपरेशन सरळ झालं. परतीच्या लाँचमध्ये बाबा कडेच्या बाकावर बसले होते. हिवाळ्यातलं मऊ ऊन, पाण्यावर पाऱ्यासारखी चमक, इंजिनाची धडधड. माझा डोळा लागत होता. मध्येच त्यांनी माझा हात ओढून आपल्या पावलावर ठेवला. पाऊल गरम होतं. मी हात तसाच ठेवून झोपले, रेवसचा धक्का येईपर्यंत.

महिन्याभरानं मी पुन्हा डॉपलर केला. मांडीतला पट्टा सरळ खाली उतरला, कुठे ठिणगी नाही, शीळ नाही. घोट्यापाशी आवाज लावला. पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे. अंगठ्यावर नवी गुलाबी कातडी धरली होती. मी अंधाराचा फायदा घेऊन डोळे पुसले.

"भरतीचा हाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पडलेला होता.

कारण मुंबईहून आल्यापासून ते बांधाकडे गेलेच नव्हते. चाला म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तर हे घराच्या मागे माडांतून फेऱ्या मारायचे. काकूनं दोनदा निरोप पाठवला. आज ऊन आहे, आज पाहुणे आहेत, अशी कारणं झाली. काका काही आमच्या दारात आला नाही. भांडणानंतर त्यानं आमच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, आणि मोठा भाऊ येतो म्हटल्यावर त्याला टाकावंही लागलं नव्हतं.

त्या रविवारी मी जबरदस्तीच केली. "चला, मी येते बरोबर."

ऊन उतरलं होतं. रस्त्यावर कोणी भात वाळत घातलं होतं, त्याच्या कडेकडेनं आम्ही निघालो. बाबा पुढे, मी मागे. गेल्या दोन-तीन वर्षांत मी त्यांना असं सलग चालताना बघितलं नव्हतं. पावलं एकसारखी पडत होती. लांबून काकाचं घर दिसलं. काका ओटीवर होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि सावरून बसला.

घर जवळ आलं तशी बाबांची मान खाली गेली. मला वाटलं आता थांबतील. पण त्यांची चाल मंदावण्याऐवजी वाढली. तेव्हा मला कळलं. पाय दुखत नव्हता, तर ते काय म्हणून थांबणार होते? इतकी वर्षं न बोललेल्या भावाच्या दारात, काही होत नसताना, आपण होऊन थांबायचं, हे त्यांना कधीच जमलं नव्हतं आणि आताही जमत नव्हतं. वई मागे पडली. ते पुढे गेले. माझा जीव तुटत होता, पण हाक मारायचा हक्क माझा नव्हता.

"दादा."

काका ओटीवर उभा राहिला होता. भांडणाच्या दिवसापासून हा शब्द त्यानं बाबांना उद्देशून काढला नव्हता.

बाबा थांबले. वळले नाहीत. "काय?"

"काय न्हाय. ये, बस."

बाबा सावकाश वळले.  मग खाली मातीकडे बघत म्हणाले, "माजा पाय दुकत न्हाय आता."

"म्हायती हाय," काका म्हणाला. "तरी बस."